झग्याचं दुसरं टोक

१७ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. गुडघा शेकतेस ना, की नुसती कण्हत बसतेस? मी ठीक आहे. म्हणजे पाठीचा पार भुगा झालाय, पण त्याला ठीकच म्हणायचं.

प्रयोगाबद्दल विचारलंस. बाईचे कपडे घालून हा भर कलादालनात धुणं धुतो, असं लोक म्हणतात. आहेही तेवढंच. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी मिसळतं तिथून नदीचं पाणी पिंपात भरून आणतो, कधी जांभळं, कधी हिरवं. आई होऊन चार तास गप्प बसून धुतो. पांढरी चादर बुडवली की जांभळी होऊन निघते. आपण कुठल्या पाण्याची माणसं, ते मला दाखवायचं होतं. आता मला फक्त झोप हवीय.

काहीतरी सांगायचं टाळतोय, हे तुला एव्हाना कळलं असेल. आई गेल्यावर तिचा निळा झगा मी उशाशी ठेवायला म्हणून तुझ्याकडून मागून नेला होता. ते खोटं होतं. प्रत्येक प्रयोगात शेवटी तोच धुतो.

काल बाबा आले. अकरा वर्षांनी! मला "बायल्या" म्हणून घराबाहेर काढणारे आपले बाबा शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसले होते. झगा पिळायला घेतला तर ते उठले आणि सरळ पुढे आले. म्हटलं, झालं, आता चारचौघांत शोभा.

"उलटं पिळतोयस. ती डावरी होती."

चाळीस प्रयोग झाले गं ताई. एकदाही माझ्या लक्षात आलं नाही.

बाबांनी बाह्या वर सारल्या आणि झग्याचं दुसरं टोक धरलं. लोकांना वाटलं, हे ठरलेलंच आहे. मी पुटपुटलो, "तुम्हाला काय माहीत?"

"मीच धरायचो की. रोज. तुम्ही शाळेत गेलात की, दार लावून."

मग त्यांनी सवयीने पीळ दिला आणि झगा मधोमध टर्रकन फाटला. त्या पाण्यानं कापड केव्हाच कुजवलं होतं, मला दिसतही होतं, तरी मी धूत राहिलो. रागाव, हवं ते बोल. तुझी बोलणी खायचीच आहेत मला.

बाबांनी हातातला तुकडा नीट घडी करून खिशात घातला आणि निघून गेले. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी तिथेच बसून ढसाढसा रडलो.

माझा अर्धा सोबत पाठवतोय. स्वच्छ पाण्यातून दोनदा काढला, डाग गेला नाही.

एकट्यानं हा प्रयोग आता होणार नाही. पिळायला दोघं लागतात. बाबांना विचारायची मला हिंमत नाही. तू विचारशील? तुझं ते ऐकतात.

खोटं बोलून झगा नेलेला,
तुझा धाकटा