पहाडीवर सुरय्याचं नाव

एटापल्ली
२१ डिसेंबर २०२५

सोमाजी,

तुले जयभीम, वहिनीले सलाम. तुझ्या रश्मीचं नोकरीचं जमलं असं ऐकलं, तिले माझ्याकडून शाबासकी दे. आम्ही इथी बरे आहोत. म्हणजे सलमान बरा आहे, सून निशात बरी आहे. माझं विचारू नको.

तुझे फोन आले होते. मी उचलले नाई. सलमाननं तुले "इथी रेंज नसते" असं सांगतलं, ते अर्धं खरं आहे. वारा सुटला का रेंज जाते, रेंज आली का वीज जाते. म्हणून चिठ्ठी लिहून राह्यलो. एका बाकावर बसून आपण मराठी शिकलो, माझं अक्षर तुले लागेल.

पयले या गावाचं ऐक. सलमानची इथल्या बँकेत बदली झाली आणि तो म्हणे, "अब्बा, एकटे चंद्रपुरात काय करता? चला." जसा काई मी गाठोडं आहे! पण आलो. घराले टिनाचं छप्पर. सकाळपासून त्याच्यावर माकडं नाचतात. रस्त्यानं सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडचे ट्रक जातात. धुतलेला सदरा वाळत घाला, संध्याकाळी विटकरी होऊन घरात येते. चंद्रपूरची काळी धूळ परवडली, ती तरी ओळखीची होती. दुकान नाई, गिऱ्हाईक नाई. शिलाई मशीन सोबत आणली, ती कापड झाकून कोपऱ्यात ठेवली आहे. दिवसभर मी आणि ती समोरासमोर.

त्यात डॉक्टरनं सांगतलं, साखर वाढली, चाला. सलमान निळ्या पट्ट्यांचे बूट घेऊन आला. या वयात असे बूट! गावाच्या मागे पहाडी आहे. कामाच्या माणसाले ती उगाच चढायची फुरसत नाई. उगाच चढतात दोन रिकामे म्हातारे, आणि माझं नशीब असं का तेच मले भेटले.

एक हरिदास, आलापल्लीच्या आरामशीनवर लाकडं कापण्यात जन्म गेलेला. तोंड बंद ठेवणं त्याले कोणी शिकवलंच नाई. दुसरा लालसू, इथलाच माडिया आदिवासी, जंगल खात्यात मजूर होता. तो बोलतच नाई. आणि मध्ये मी, धापा टाकत.

पयल्या दिवशी अर्ध्यातच बसलो. म्हटलं, "जा तुम्ही."

हरिदास म्हणे, "वहाबभाऊ, वरतून सगळं जंगल दिसते."

"मले इथूनही दिसून राह्यलं."

लालसू माझ्या बाजूच्या दगडावर बसला. मग हरिदासही बसला, बडबड चालूच. मी उठलो तेव्हाच ते उठले. मले वाटलं, उद्या हे थांबणार नाईत. दुसऱ्या दिवशीही थांबले. तिसऱ्याही. मले रागच आला. मी काय लंगडा आहे? असा चिडत चिडतच एक दिवस वर पोचलो.

वर काय आहे? ऐन, मोह, तेंदूची झाडं, आणि खाली धुकं. लालसू वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातून आंबील काढते आणि पानाच्या दोन्यात देते. आंबट ढाण. मी तोंड वाकडं करतो आणि पितो. मग परत मागतो, हे तुलेच सांगतो.

तिथंच एक दिवस लालसूनं विचारलं, "दादा, बाई नाई का तुमची?"

"गेली," मी म्हटलं. "मागच्या वर्षी."

यावर लोक काय करतात ते तुले माहीत आहे. खाली पाह्यतात, वरच्याची मर्जी म्हणतात, आणि थंडीचं बोलतात. लालसूनं विचारलं, "नाव काय होतं?"

सोमाजी, तिचं नाव माझ्या तोंडून कवापासून निघालंच नव्हतं. घरी सलमान "अम्मी" म्हणते तेही दबकून, मी समोर नसलो तर. "सुरय्या," मी म्हटलं.

"कशी होती?" लालसू म्हणे.

मग सांगतलं. दुकानात माझ्या बाजूले बसून काज-बटन करायची ते सांगतलं. तो जाडा ठेकेदार तुले आठवते, तोच शर्ट सैल करायले सारखा यायचा? सुरय्या त्याले म्हणे, "भाऊ, कापड होतं तेवढं सोडलं. आता तुम्हीच थांबा." हे ऐकून लालसू पोट धरून हसला. त्याचा एवढा मोठा आवाज मी तवाच ऐकला. उतरेपर्यंत मी बोलत होतो. आता रोज विचारतात. "काल सुरय्याबाईचं अर्धं राह्यलं," हरिदास म्हणते. तिले कवा पाह्यलं नाई त्यानं, आणि हक्क पाहा!

तवाच तुझा राग पुन्हा डोक्यात गेला. न पाह्यलेले लोक तिचं नाव घेतात. आणि तू? ईदेचा पयला डबा ती तुझ्या घरी पाठवायची. तू मय्यतीले आला नाई. चाळीसव्याले आला नाई. तीस वर्षं आपण संध्याकाळी रामाळा तलावावर फिरलो. ती गेल्यावर मी तिथं एकटा बसून राह्यलो, तू तिथंही नाई.

आणि तू आलाच नाई असंही नाई. मय्यतीच्या दिवशी तू आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा होता. पांढरा सदरा, मीच शिवलेला. थोडा वेळ उभा राह्यला आणि वळून गेला. निशातनं पाह्यलं. तिनं मले सांगतलं, मी कोणाले बोललो नाई. सलमान चला म्हणाला तेव्हा मी एवढ्या मुकाट्यानं काऊन निघालो, ते आता समज. तू असून भेटत नाई, त्या गावात राहून मी काय करत होतो बे?

एवढंच लिहून चिठ्ठी टाकणार होतो. पण मागच्या महिन्यात लालसूले मलेरिया झाला. ताप डोक्यात गेला. मी आणि हरिदास दवाखान्यात गेलो. दारातून पाह्यलं, तर त्याची बायको ललिता पायाशी बसलेली. तो पडलेला, डोळे उघडे, पण ओळख नाई. माझे पाय तिथंच थांबले. त्या बाईले काय बोलू? मले लोकांनी जे जे म्हटलं होतं ते सगळं आठवलं, एकही शब्द कामाचा नव्हता. मी वळलो. खरंच वळलो, फाटकापर्यंत गेलो. तिथं मले तू दिसला.

हरिदासनं मागून येऊन बाही धरली. "कुठी चालले?"

"काय बोलू मी तिथं?"

"तुम्हाले बोला म्हटलं कोणी? बसा फक्त."

हे हरिदासनं म्हणावं! आणि तो बडबड्या संध्याकाळपर्यंत तोंड न उघडता बसला. मीही बसलो. ललितानं एकदा आमच्याकडे पाह्यलं आणि जरा सरकून बाकावर जागा केली.

लालसू वाचला. हाडं दिसतात, पण परवा अर्धी पहाडी चढला. दम लागला तिथं बसला, मग आम्हीही बसलो.

माझा राग गेला असं समजू नको. गेला नाई. पण वळताना तुझे पाय कसे झाले असतील ते मले कळलं आहे. आता धड चिडताही येत नाई, हा तुझा नवीनच ताप.

तर ये. आलापल्लीपर्यंत बस आहे, तिथून एटापल्ली. मी स्टँडवर उभा राहीन. हरिदास तुझे कान खाईल, तयारीनं ये. माफी-बिफी मागू नको, ते तुलेही जमणार नाई आणि मलेही. आमच्यासंगं वर चल, आणि सुरय्याचं मले माहीत नसलेलं काई सांग. मी आत कपडा कापत असलो का तुम्ही दोघं बाहेर बसून माझ्यावर हसायचे. काय म्हणायची ती? मी विचारलं तर तिनं कवा सांगतलं नाई, आणि आता ते सांगणारा तुझ्याशिवाय कोणी राह्यला नाई.

तुझा (हा एक शब्द लिहायले लय वेळ लागला),
वहाब