निळ्या दोऱ्याची बाटली

शेणवा, माघ वद्य पंचमी

प्रिय लडकू,

अनेक आशीर्वाद. पत्र माझ्या हातचं पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. एरवी मी सांगते आणि शाळेतले गुरुजी लिहून देतात, पण हे गुरुजींना सांगण्यासारखं नाही. तुझ्या बापानं मला चुलीपुढं बसवून राखेत अक्षरं गिरवायला लावली होती. तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या, आज तीच अक्षरं उपयोगी पडली. तुम्हां पलटणीतल्या लोकांची पत्रं साहेब फोडून वाचतो म्हणे. वाचू दे बापड्याला. आमच्याकडं झाकायला आता काही उरलेलं नाही.

गाय व्याली, कालवड झाली. वाल बरे आलेत. भाताचा राब भाजायला पालापाचोळा गोळा करायचाय, पण माणूस मिळत नाही. का मिळत नाही तेच सांगायला बसलेय, पण हात पुढं सरत नाही बघ. थकले रे मी.

तुझ्या बायकोला, जिवलीला, सातव्या महिन्यात मेलेलं मूल झालं, तू दिवाळीला येऊन गेलास, आणि तुझी पाठ फिरल्यावर मी तिला शहापूरच्या धर्मादाय दवाखान्यात नेलं. अंगावर चट्टे उठले होते पोरीच्या. डॉक्टरनं आम्हां दोघींना पडद्याआड घेतलं. हळूच म्हणाला, आजी, ही गरमी आहे, बाईबाप्याच्या संगानं लागणारा रोग. सुया टोचाव्या लागतील, औषध घ्यावं लागेल, पण बरी होईल. आणि ही गोष्ट या पडद्याबाहेर जाणार नाही. भला माणूस. त्याच्या तोंडून खरंच एक शब्द बाहेर गेला नाही. दर बाजाराला मी आणि जिवली जात होतो. येताना मीठ-मिरची आणत होतो, म्हणजे विचारणाऱ्याला सांगायला बरं.

गेलं ते जयराम कंपाउंडरच्या हातून. लढाईपायी बाटल्या मिळत नाहीत, म्हणून औषधाला ज्यानं त्यानं घरची बाटली न्यायची. त्या सगळ्या खिडकीत ओळीनं ठेवलेल्या. गल्लत होऊ नये, गरमीवाल्याची बाटली दुसऱ्याच्या हाती पडू नये, म्हणून या शहाण्यानं गरमीच्या बाटल्यांच्या गळ्याला निळा दोरा बांधला. आम्हाला वाटलं, असेल त्याची काहीतरी खूण. पण ताडीच्या दुकानावर पडलेला असतो तो धाऊ, त्याला हाच रोग. तो स्वतःच जगाला सांगत फिरतो. त्याच्या बाटलीला निळा दोरा. बाजारच्या बायकांना उलगडायला किती वेळ लागणार? आपली शेजारीण धोंडीबाई सकाळी विस्तव मागायला आली, जिवलीची बाटली कोनाड्यात होती, आणि ही बया विस्तव न घेताच माघारी गेली. तेव्हाच मी ओळखलं, दोऱ्याची खूण गावाला कळली.

पुढचं काय सांगू. नवरा लष्करात मोटार हाकतोय आणि बायकोला गरमी, एवढं कळल्यावर लोकांना आणखी काय लागतं. विहिरीवर बायका म्हणायच्या, आमी भरून जातो बाय, तू मागून ये. हळदीला बोलावणं नाय, वाल खुडायला कुणी सोबत येत नाय. जिच्या सुनेची बाळंतपणं जिवलीनं काढली, रात्रंदिवस खपली, ती धोंडीबाई मला म्हणते, आमी काय नाय बोललो, लोक बोलतान. म्हटलं, लोक म्हणजे कोण गो, तूच ना. कुणाकुणाचं नाव तिच्याशी जोडलं नाही सांग. पोस्टमन, गुरुजी, घरी येणारा तुझा चुलतभाऊसुद्धा. जिवली ऐकून घेते आणि भाकऱ्या थापते.

मी दवाखान्यात जाऊन जयरामला फैलावर घेतलं. तो कानकोंडा झाला. म्हणाला, आजी, औषधं बदलू नयेत म्हणूनच केलं हो. खोटं नव्हता बोलत. वाईट माणसाशी भांडून जीव हलका होतो, याच्याशी भांडून तेही झालं नाही. डॉक्टरनं सगळे दोरे माझ्यासमोर कात्रीनं तोडले आणि त्याला बोल बोल बोलला. पण आता उलटंच झालं. दोरा नाही म्हटल्यावर प्रत्येकाच्या बाटलीकडं लोक संशयानं बघतात. बायका बाटली पदराखाली लपवून नेतात. धोंडीबाईची सून तापानं फणफणली तरी दवाखान्याची पायरी चढली नाही. जिवली मात्र चुकत नाही. गावाला वळसा घालून जाते, पण सुई टोचून घेते. चट्टे गेलेत बरेचसे.

मग तिचा भाऊ देवजी मुरबाडहून बैल जुंपून आला. बहिणीला घेऊन जातो म्हणाला, पण तोंडावर माया नव्हती, राग होता. त्याच दिवशी देवळापुढं पंच बसले. त्यांचं आधीच ठरलेलं. जिवलीची काडीमोड करायची, तिनं भावाच्या गाडीत बसायचं, आणि तू रजेवर आलास की तुझं दुसरं लग्न लावायचं. पोरगीसुद्धा हेरून ठेवलेली. जिवलीला उभी केली आणि विचारलं, बोल, कुणाचं पाप. ती खाली मान घालून उभी. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हिनं तुझं पापही तोंडी आणलं नाही. तिला ठाऊक होतं रे. पडद्याआड डॉक्टरनं नवऱ्याबद्दल विचारलं, तेव्हाच ती समजली होती. तरी चार माणसांत तुझी अब्रू झाकून उभी राहिली.

दिवाळीत गोठ्यात माझ्या पायाला हात लावून तू शपथ घातलीस. म्हणालास, छावणीत सुया घेऊन बरा झालोय, हा रोग मीच शिमग्याच्या रजेत घरी आणला, पण आये, कुणाला सांगू नको. मी नाही सांगितलं. तुझी लाज छावणीत झाकली गेली, तिची भर बाजारात उघडी पडली, तरी मी गप्प होते. आई आहे मी तुझी. पण देवजीनं तिच्या दंडाला धरून ओढलं, आणि मी उठले. पंचांना सांगितलं, रोग माझ्या लेकाचा आहे, त्यानं स्वतः कबूल केलाय, आणि ही पोर माझ्या घरातून हलणार नाही. देवजीनं दंड सोडला आणि तिथंच खाली बसून रडला. सगळं गाव ऐकत होतं. जिवलीला मी घरी घेऊन आले. तुझी शपथ मी मोडली, लडकू. दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. मला रडू येतंय, पण पस्तावा नाही. तू माझा लेक आहेस आणि मला तुझी आठवण येते, हेही खरं. रजा मिळाली की ये, लोक काय म्हणतील म्हणून राहू नकोस. पण आलास की अंगणात थांब. मी तुला आत घेणार नाही. जिवली ये म्हणाली, तरच आत ये.

तुझीच,
आई