सहासष्ट मिनिटं

ता. ३ सप्टेंबर

चि. घुमीस आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन सतरा मिनिटं चालला आणि त्यात तू नऊ वेळा नुसतं हं म्हणालीस. मी मोजले. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये परक्यांच्या लाइनी जोडल्या, आणि घरच्या पोरीशी लाइन लागत नाही म्हणजे कमाल झाली. म्हणून पत्र. कागदावर तरी तू वाक्यं पूर्ण करतेस.

माझा गुडघा ठीक आहे, चष्मा बदलला. आमच्या इमारतीत सध्या तुझ्या गावातल्या त्या खटल्याशिवाय विषय नाही. आपल्याकडचा माणूस, परक्या देशात खुनाच्या आरोपाखाली उभा. चॅनेलवाल्यांना आणखी काय हवं? फुलझाडांच्या कंदांचं गोदाम, तिथलं शीतगृह सांभाळणारा तो. सोबतचे कामगार त्याला खांब म्हणतात म्हणे, कारण चेहऱ्यावर काही हलत नाही. मार्चमध्ये एका सोमवारी सकाळी पॅकिंगच्या खोलीत मॅनेजरचं प्रेत मिळालं, आणि ते पाहून या बाबानं काय करावं? शीतगृहाचं दार लावलं, वहीत तापमान लिहिलं आणि मग पोलिसांना फोन केला! माणूस मरून पडलाय आणि हा आकडे लिहितोय!

तळमजल्यावरचे निवृत्त फौजदार म्हणतात, असे थंड रक्ताचे लोक त्यांनी पुष्कळ पाहिलेत, आता हा वेडाचं सोंग घेणार. औषधांचा दुकानवाला म्हणतो, वेडाचं नाही, झोपेत चालण्याचं घेईल, परदेशात चालतं तसलं. शिवणकामवालीचं मत असं, की त्याचा वकीलच फितलाय. तिथल्या तापमानाच्या यंत्रानं याला सरळ खोटं पाडलंय, तरी वकील यंत्राविरुद्ध चकार शब्द काढत नाही. सोबत कात्रण पाठवते, त्यात त्या यंत्राच्या नोंदीचा फोटोसुद्धा आहे. तुझं काम यंत्रांचंच, तेव्हा सांग बाई कोण बरोबर. मी फौजदारांशी पैज लावून बसले आहे, की तो वेडाचं सोंग काही घेणार नाही.

जेवणाच्या वेळा पाळ. राग धरू नकोस, माया मात्र धरून ठेव.

तुझी
आत्या

ता. १४ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र आणि कात्रण मिळालं. मी बातम्या पाहत नाही हे तुला माहीत आहे. खांब यांना अटक झाल्याचं एप्रिलमध्येच कळलं होतं, पुढचं मी मुद्दाम वाचलं नाही. मी त्यांना ओळखते. वर्षातून दोनदा मी त्या गोदामात यंत्र तपासायला जाते. कात्रणातल्या फोटोत कोपऱ्यात यंत्राचा नंबर दिसतो. ते यंत्र मी तपासलेलं आहे.

आधी वहीबद्दल. शीतगृहात काम करणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात : दार उघडलं की आकडा, दार लावलं की आकडा. दार उघडं राहिलं तर आतला सगळा माल वाया जातो. खांब हे एकोणीस वर्षं करत आहेत. तू एक्सचेंजमध्ये असताना बाबा गच्चीवरून पडल्याची बातमी आली होती, तेव्हा तू हातातला कॉल जोडून मगच उठलीस, हे तूच सांगितलं होतंस. ते तसंच आहे.

आता यंत्र. ते दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवतं. दार उघडलं की तापमान चढतं, लावलं की उतरतं, त्यामुळे वेळ कळते. यंत्रानुसार दार ५.१० ला उघडलं, ५.१६ ला लागलं आणि ५.३४ नंतर यंत्रच बंद पडलं. वहीत मात्र ६.१० आणि ६.१६ आहे. पोलिसांना फोन ६.२२ ला झाला. डॉक्टरांच्या मते मृत्यू पाच ते साडेपाचच्या दरम्यानचा. म्हणून सरकारी वकील म्हणतात, की हा पाचलाच आला, खून केला, यंत्र बंद केलं, वहीत खोट्या वेळा लिहिल्या आणि दार लावल्यापासून सहासष्ट मिनिटांनी फोन केला. तुमची इमारत ज्या सहासष्ट मिनिटांवर बोलते आहे ती ही.

आत्या, ती मिनिटं नाहीतच.

इथे मार्चअखेरच्या एका रविवारी सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. आमची यंत्रं करत नाहीत. केली तर नोंदीतून वर्षात एकदा एक तास नाहीसा होईल आणि एकदा एक तास दोनदा येईल. म्हणून ती बारा महिने हिवाळ्याच्या वेळेवर चालतात. आमच्या कामात हे इतकं गृहीत धरलेलं असतं, की कुणी बोलूनही दाखवत नाही. फक्त प्रमाणपत्रावर एक चौकट असते, घड्याळ कोणत्या वेळेवर आहे ते लिहायची. खून झाला तो सोमवार घड्याळं पुढे केल्यानंतरचा पहिला कामाचा दिवस. यंत्राचे ५.१० म्हणजे भिंतीवरचे ६.१०. वही खरी आहे. दार लावून फोनपर्यंत सहा मिनिटं लागली, आणि फोन फाटकाजवळच्या खोलीत आहे.

वीज गेल्यावर यंत्राचं घड्याळ पुसलं जातं, त्यामुळे आता यंत्र पाहून हे कळणार नाही. ते फक्त प्रमाणपत्रावरून कळलं असतं. मी माझी प्रत काढून पाहिली. फेब्रुवारीत तपासणी केली तेव्हा दोन्ही वेळा एकच होत्या. चौकट कोरी आहे. खाली माझी सही आहे.

आमच्या मुख्य साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, की न्यायालयानं आपल्याला काही विचारलेलं नाही. ते वाईट गृहस्थ नाहीत. माझा इथे राहण्याचा परवाना नोकरीवर आहे, नोकरी सहीच्या अधिकारावर, आणि अर्धवट प्रमाणपत्रावर सही केली तर तो अधिकार जातो.

खटला ६ ऑक्टोबरला पुढे चालू होतो. पैज तू जिंकलीस, पण एवढ्यात कुणाला सांगू नकोस.

जशी आहे तशी, तुझी
घुमी

ता. २३ सप्टेंबर

चि. घुमीस अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी यंत्र कळलं नाही, दुसऱ्या वेळी कळलं, पुढच्या दोन्ही वेळा तुझ्या सहीच्या ओळीशीच थांबले.

मी सरळच लिहिते. तू यात पडू नकोस. साहेब म्हणतात ते बरोबर आहे, तुला कुणी विचारलेलं नाही. एवढे वकील, एवढे पोलीस, त्यांना घड्याळ कळत नाही का? आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात येईलच. बाप नसलेली पोर तू, शिकलीस, एकटीच्या हिमतीवर तिथे उभी राहिलीस. एका कोऱ्या चौकटीपायी ते सगळं घालवायचं? आणि कुणासाठी, ज्याच्याशी वर्षातून दोनदा आकड्यांपलीकडे बोलणं नाही त्याच्यासाठी?

मी फौजदारांना आडून विचारलं, कुणाचं ते न सांगता. ते म्हणाले, जो साक्षीदार आपली चूक आपल्या तोंडानं सांगायला येतो, त्याला उलटतपासणीत सगळ्यांत आधी सोलून काढतात. मी हे स्वार्थानं लिहिते आहे, ते मला कळतं. असू दे. मला तू सोडून कोण आहे?

विचार कर. उत्तर लवकर टाक. फोन कर म्हणणार नव्हते, पण कर.

काळजीत असलेली
आत्या

ता. ११ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी साक्ष दिली एवढंच फोनवर सांगितलं. बाकीचं लिहूनच सांगता येईल.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी बचावाच्या वकिलांकडे गेले. तू सांगितलेलं ऐकलं नाही, याबद्दल क्षमा कर. उद्या कुणाच्या तरी लक्षात येईल असं तू लिहिलंस, तेव्हा मला जाणवलं, की ज्याच्या ते लक्षात येऊ शकेल असं माणूस एकच आहे.

वकील सत्तरीच्या बाई आहेत. खोली लहान, खुर्च्यांवरही फायली. मी यंत्राचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी अजून पचवते आहे. यंत्र बिघडलेलं होतं असा बचाव त्यांना पहिल्या दिवसापासून घ्यायचा होता. खांब यांनी घेऊ दिला नाही. ते म्हणाले, की ते यंत्र एका मुलीनं तपासलेलं आहे, ती दर वेळी तीनदा मोजते, यंत्र चुकलेलं नसणार. आणि मीही चुकलेलो नाही. दोन्ही खरं कसं ते मला सांगता येत नाही, पण न केलेल्या चुकीचा आळ मी तिच्यावर घेणार नाही. सहा महिने, आत्या. कोठडीत. तुमच्या शिवणकामवालीला फितूर वकील दिसला तो हा.

मी त्या खुर्चीत बसून होते. इतकं मोठं काही आपल्या बाबतीत घडत होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

नुसत्या माझ्या शब्दावर न्यायालय विश्वास ठेवणार नाही, म्हणून मी एक विचारलं : त्या दिवशी वीज कुणी बंद केली? यंत्र ५.३४ नंतर बंद पडलं, म्हणजे खऱ्या वेळेनं ६.३५ च्या सुमाराला वीज गेली असली पाहिजे. बाईंनी फायली उपसल्या. रुग्णवाहिकेच्या लोकांचा अहवाल दुसऱ्याच गठ्ठ्यात होता. फरशीवर पाणी होतं, पॅकिंगच्या मशीनची वायर त्यात पडलेली, म्हणून प्रेताला हात लावण्याआधी त्यांनी मुख्य बटण बंद केलं. वेळ ६.३५. हा अहवाल आणि यंत्राची नोंद, दोन्ही कागद सहा महिने एकाच कपाटात होते.

न्यायालयात मी एक तास दहा मिनिटं उभी होते. सरकारी वकिलांनी विचारलं, की चौकट भरायची जबाबदारी कुणाची. मी म्हणाले माझी. भरली नाही हे मान्य आहे का. आहे. यामुळे आपला अधिकार जाऊ शकतो हे माहीत आहे का. आहे. मग त्यांनी विचारलं, की हे सांगायला कुणी भाग पाडलं. मी म्हणाले, तापमानाच्या आलेखानं. कुणीतरी हसलं, पण ते विनोदानं म्हटलं नव्हतं.

मग ६.३५ चा अहवाल वाचला गेला. सरकारी वकिलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोटानं ओळी लावून पाहिल्या आणि खाली बसले. ते हरल्यासारखे दिसत नव्हते, भीती वाटल्यासारखे दिसत होते. मलाही वाटत होती. अंगठ्याएवढी चौकट, आणि त्यात एक अख्खा माणूस मावला होता.

मी साक्षीच्या जागेवरून खाली उतरून जाताना खांब उठून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. शिपायानं खाली बसवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

निकाल २० तारखेला. माझ्या अधिकाराचा निर्णय वेगळा होईल.

न ऐकणारी, पण तुझीच
घुमी

ता. १९ ऑक्टोबर

चि. घुमीस,

आशीर्वाद आहेतच, आज आधी दुसरं लिहायचं आहे.

तुझी साक्ष काल इथे चॅनेलवर दाखवली. आम्ही सगळे फौजदारांकडे बसून पाहत होतो. नाव घेतलं नाही, नुसतं तंत्रज्ञ बाई म्हणाले. आणि आमच्या लोकांनी लगेच सुरुवात केली. औषधवाला म्हणाला, चेहरा बघा, रेघ हलत नाही, पढवून आणली आहे. शिवणकामवाली म्हणाली, तो उठून उभा राहिला म्हणजे दोघांचं नक्की काहीतरी आहे. फौजदार म्हणाले, स्वतःची नोकरी जात असताना जिच्या डोळ्यांत पाणी नाही तिच्यावर आपण न्यायाधीश असतो तर भरवसा ठेवला नसता.

मी उठून टीव्ही बंद केला. फौजदारांचा टीव्ही! आणि सांगितलं, की ही माझी भाची आहे, आणि तिच्या चेहऱ्याबद्दल ज्याला बोलायचं असेल त्यानं माझ्या तोंडाकडे पाहून बोलावं. शिवणकामवालीनं पाणी आणून दिलं.

पण घरी येऊन दार लावलं आणि मला माझीच शरम वाटली. दादा, तुझा बाप, हॉस्पिटलमध्ये गेला त्या दिवशी आम्ही सगळे ऊर बडवत होतो आणि तू पंधरा वर्षांची, कॉटशेजारी उभी राहून सलाइनच्या बाटलीवरची वेळ एका चिठ्ठीवर लिहून घेत होतीस. मी तेव्हा नणंदा-जावांत बोलून गेले, की पोरीला काळीज नाही. अकरा वर्षं ते मनातून पुरतं गेलं नव्हतं. तुला कधी बोलले नाही, पण तुला ते कळत असणार, तुला सगळंच कळतं. त्यांनी जे खांबाचं केलं तेच मी तुझं केलं होतं, तेही एकाच खोलीत उभी राहून.

तू मोठी झालीस ते मला उंचीनंच ठाऊक होतं. काल पहिल्यांदा मान वर करून पाहावं लागलं.

नोकरी गेली तर इथे ये. राहिली तर तिथे राहा. मला दोन्ही चालेल.

तुझी
आत्या

ता. ३० ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

खांब सुटले. खून कुणी केला त्याचा तपास पुन्हा पहिल्यापासून होणार आहे. माझा सहीचा अधिकार सहा महिने काढून घेतला. साहेबांनी मला कामावर ठेवलं आहे. मी तपासायचं आणि सही त्यांनी करायची. परवाना टिकला.

तू लिहिलंस ते मला माहीत होतं. ती चिठ्ठी मी लिहीत होते कारण पुढची बाटली कधी लावायची ते नर्स दोनदा विसरली होती. मला वाटलं, मी नीट लिहिलं तर बाबा वाचतील. एवढंच होतं. आता त्याबद्दल काही मनात ठेवू नकोस.

काल खांब आमच्या कंपनीत आले. मी त्यांना जिन्याजवळ भेटले. इथल्या पत्रकारांनी निकालाच्या दिवशी लिहिलं होतं, की सुटका ऐकूनही या माणसाचा चेहरा बदलला नाही, आणि त्यावरून नवे तर्क सुरू झाले आहेत. खांब माझ्यासमोर उभे राहिले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. आवाज न करता, उभ्यानं, दोन्ही हात बाजूला सोडून. मला काय करावं कळेना. मी शेजारी उभी राहिले. थोड्या वेळानं माझंही तसंच झालं. माणसं जिन्यावरून येत-जात होती.

हे किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिलं नाही.

खाली सगळे विचारतील, तो तिला भेटला का, काय म्हणाला, कसा वागला. त्यांना यातलं काही सांगू नकोस. हे तुला एकटीला लिहिलं आहे.

पुढच्या रविवारी फोन करीन. हं कमी म्हणायचा प्रयत्न करीन, वचन देत नाही.

तुझी
घुमी