जिवंताचा विलाप

३ मार्च
बिश्केकला पोचलो. रस्त्याकडेची झाडं अजून उघडीबोडकी, पण त्यांच्यामागे डोंगर असे स्वच्छ, जणू कुणी ओल्या फडक्याने पुसून ठेवलेत. माझा जुना विद्यार्थी नुरदोलोत, त्याने बस स्टँडवर माझी पिशवी हिसकावूनच घेतली. पोरगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याने कंपनी काढलीय: आपल्या किर्गिझ भाषेत बोलणारं यंत्र. त्याला बोलणं शिकवायला मी. जन्मभर कोचकोरच्या शाळेत पोरांपुढे कविता म्हटल्या, आता यंत्रापुढे. हा विद्यार्थी निदान खिडकीबाहेर बघत नाही! त्याची भागीदार बेगिमाय म्हणाली, की मास्तर, मध्ये खोकू नका, नाहीतर ते खोकल्यालाही किर्गिझ शब्द समजेल.

५ मार्च
वाचताना डोळे मिटले, की जुना वर्ग दिसतो. शेगडीचा धूर, ओल्या लोकरी टोप्यांचा वास, एका सुरातली ती बाळबोध कविता. आज डोळे उघडले तर समोर नुरदोलोत, तोंडात घास तसाच. परीक्षा सोडलीय त्याने. पुढच्या शुक्रवारी, १४ला, गुंतवणूकदार येणार. गावभर सांगून आलोय, म्हणाला, फसलं तर कुठल्या तोंडानं परत जाऊ? बेगिमायने सुनावलं, की कुठल्याही तोंडानं जा, आधी ते धू.

७ मार्च
यंत्राला जुनं काव्य हवं म्हणून माझ्या आईकडून ऐकलेला विलाप म्हटला. मयताच्या घरी बायका भिंतीकडे तोंड करून म्हणतात तो. मृताच्या नावाची जागा मी मोकळी सोडली. जिवंताचं नाव त्यात घालत नाहीत. पण यंत्राला मोकळी जागा चालेना, तर या शहाण्या नुरदोलोतने स्वतःचंच नाव घातलं! मी रागावलो. तर म्हणे, मास्तर, मेलेलं नि जिवंत यातलं यंत्राला काय कळतंय?

९ मार्च
यंत्र आता आपणहून विलापाच्या नव्या ओळी रचतं. नुरदोलोत आनंदाने नाचला. शुक्रवारी हेच दाखवायचं ठरलं. ओळी सुंदर आहेत. त्यांत त्याचं लहानपणीचं शिंगरू आलं, एक पाय पांढरा, बर्फात गेलेलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बेगिमाय आज चेष्टा करत नाही.

११ मार्च
विलापात आलं, हात गार पडले. दुपारी चहाचा वाडगा त्याच्या हातातून निसटला. हात धरून पाहिले. ओढ्यातले दगड.
त्याचं नाव पुसून टाक म्हणालो. तर म्हणे, पुसलं तर दाखवायचं काय? तीन दिवसांवर आलंय, मास्तर.

१२ मार्च
विलापात पाय आले. तो उभा राहू शकत नाही.
नाव पुसायला आता तोच म्हणतो. बेगिमायने पुसलं. पुन्हा आलं. वायर काढली. आवाज थांबला नाही—

१३ मार्च
माझाच आवाज. माझाच खोकला मध्ये. पण ओळी माझ्या नाहीत.
नुरदोलोत भिंतीकडे तोंड करून पडलाय. हळू म्हणाला, मास्तर, गावाला कळवू नका.

१४ मार्च
श्वास चालू आहे. बेगिमाय डॉक्टरला आणायला धावली. गुंतवणूकदारांना येऊ नका म्हणून कळवायचं राहिलंच—
विलापाची शेवटची ओळ: पुरुष येतील, रडतील, मग तू जाशील.
जिन्यावर पावलं. त्यांनी ऐकलं. विलाप कानी पडला, की पुरुषाने खालपासूनच हंबरडा फोडत वर यायचं. फोडताहेत. भली माणसं, रीत पाळताहेत—
एकेका हंबरड्यासरशी त्याचा श्वास—
जिवंत आहे तो, हे ओरडायला तोंड उघडलं. बाहेर पडला तो हंबरडाच. माझाही.
लिहून दारावर लावतो. मोठ्या अक्षरांत—
नुरदोलोत जिवंत आ