कडू निघालेली झुकिनी

ता. १४, मंगळवार

ती. आईंना,

सुनेचा नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? अक्षर वाकडंतिकडं आहे, चालवून घ्या.

पाळणाघराच्या स्वयंपाकघरात कामाला लागून मला तीन महिने झाले. आपली ठकू तिथंच, बाहेरच्या खोलीत खेळते. इथं झुकिनी फार येते. तुम्ही पाहिली नसेल. दिसायला काकडी, शिजली की दुधी. साल काढायची नाही, मीठ शेवटी घालायचं, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो. नाव ऐकूनच मुलं तोंड फिरवायची, म्हणून मी सांगितलं, ही दुधीची धाकटी जाऊ. आता विचारतात, "आज जाऊबाई आहेत का?"

तुम्ही दुधी चिरताना आधी फोड चाखायला लावायचात. मी विसरले की म्हणायचात, "हिच्या हाताखाली लेकरू कसं जगायचं?" फार लागायचं ते.

मागच्या आठवड्यात मी एकेक झुकिनी चाखत होते. मोठ्या स्वयंपाकीणबाई न चाखताच चिरून पातेल्यात टाकत होत्या. त्यांच्या पाटावरची फोड तोंडात टाकली, तर कडूजहर.

म्हटलं, "बाई, हे मुलांना द्यायचं नाही."

"झुकिनी कुठं कडू असते? काल आलीस अन् मला शिकवतेस?"

काम गेलं तर ठकूला घेऊन जाणार कुठं? तरी पातेल्यावर झाकण घातलं आणि वर हात ठेवून उभी राहिले. "आधी तुम्ही चाखा."

चाखली. लगेच थुंकल्या. पातेल्यातलं सगळं फेकून दिलं, मुलांना बटाटे उकडले. आता रोज हाक मारतात, "ये गं, चाख."

तुमचं पत्र आठ दिवस उशीखाली आहे. ठकूला न्यायला एकोणीस तारखेच्या रविवारी येते म्हणालात. त्याचंच उत्तर लिहायचं टाळत होते. हे गेल्यावर मी न सांगता निघाले, ते चुकलं माझं. ठकू तेव्हा खात नव्हती, हे तुम्ही लिहिलंत तेही खरं. काल तिनं दोन वाट्या जाऊबाई खाल्ल्या आणि वाटी पुढं केली.

रविवारी या. गरम वाढते, आधी चाखून बघा. चार दिवस राहा. ठकूला मात्र मी पाठवणार नाही.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
ठकूची आई