शिंक नव्हे, ॲलर्जी

३ तारीख, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फ्लूची साथ आहे आणि वीस तारखेला तपासणी पथक येणार. एकही माणूस घरी बसता कामा नये. मला 'फ्लू प्रतिबंध प्रमुख' नेमलं. माझी शिस्त शेवटी वरच्यांच्या डोळ्यांत भरली म्हणायची. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग आजपासून घरी आल्यावर हात धूत जा.

४, मंगळवार
जिन्यात, डबे खायच्या खोलीत पोस्टरं लावली. 'आजारी असाल तर घरीच थांबा' हे साहेबांनी काढायला लावलं. म्हणाले, लोक मनावर घेतील. मुद्दा बरोबर आहे.

६, गुरुवार, स. ११
सगळ्यांची मीटिंग. एसी असल्यामुळे खिडक्या बंद. हात धुण्याचं प्रात्यक्षिक दिलं. चौदाही जणांचे हात हातात घेऊन बोटांच्या बेचक्या चोळून दाखवल्या. साबण संपला होता, म्हणून कोरडंच. मध्येच मला पाच-सहा शिंका आल्या. पोस्टरांची धूळ.

७, शुक्रवार
नाक गळतंय. धूळच. ॲलर्जी माझ्या घराण्यात आहे.
हेडक्लार्ककाका तोंडाला रुमाल बांधून बसले होते. दम्याचा माणूस, रिटायरमेंटला चार महिने राहिलेले. खुर्ची ओढून अर्धा तास त्यांना धीर दिला. ते सारखे मागे सरकत होते.

१०, सोमवार
ताप १०१. थर्मामीटर जुना झालाय. बायको म्हणाली, रजा टाका. प्रमुखच घरी बसला तर साथ रोखायची कुणी? गेलो.
टायपिस्टबाई ताप आला म्हणून घरी जाऊ का विचारत होत्या. डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. म्हणाल्या, तेच आणायला जायचंय. आधी सर्टिफिकेट, मग रजा. बसवून ठेवलं.

११, मंगळवार
सात खुर्च्या रिकाम्या. लोकांना शिस्त म्हणून नाही.

१२, बुधवार
हजर: साहेब, शिपाई, मी. काकांना काल दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावलाय. एवढं जवळ बसून समजावलं होतं त्यांना.

१३, गुरुवार, दुपारी
रिसेप्शनवरच्या बाईंचा घरून फोन. म्हणाल्या, सगळ्यांना सहा तारखेनंतरच झालंय. मी म्हटलं, टायपिस्टबाईंपासून सुरू झालं असणार. त्या म्हणाल्या, "मीटिंगमध्ये त्या तुमच्याच शेजारी होत्या ना?"
रेंज गेली असं सांगून फोन ठेवला.
चारच्या सुमारास साहेब शिंकले.

१६, रविवार
अंथरुणात. बायको ताट दाराबाहेर ठेवते आणि दार वाजवून पळते. तपासणी पुढे ढकलली. शिपाई सांगत होता, माझं प्रमुखपद आता त्याच्याकडे आहे. पहिल्याच दिवशी त्याने खिडक्या उघडल्या.
काकांचा ऑक्सिजन काढला म्हणे. बरं वाटलं. दोन दिवसांत भेटायला येतो म्हणून फोन केला. काकूंनी उचलला. भेटायची वेळ विचारली.
"चार ते सहा," काकू शांतपणे म्हणाल्या. "पण ते म्हणतात, कुणीही येऊ दे. तुम्ही तेवढे येऊ नका."
आजारपणात माणूस चिडचिडा होतो, असं लिहायला घेतलं.
खोडलं.