गाडी ठेवणे, गाडी नेणे आणि तुमचे बंधू

नारायण पेठ, पुणे
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप वन्सं यांना आनंदीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल लावता, की नुसतीच बाटली उशाशी ठेवता? सांगलीचा पाऊस थांबला असेल. इकडे सगळे ठीक आहे. मी ठीक आहे. तुमचे बंधूही ठीक आहेत. फक्त सध्या ते घरी नसतात. कुठे असतात ते ओघाने येईलच. मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

हडपसरच्या पुढे मांजरी गावात उसाच्या कडेला आमची पत्र्याची शेड आहे, ती तुम्ही पाहिली आहे. जागा तिथेच राहणाऱ्या भैरूंची, व्यवस्था माझी. लोक मुलांकडे परदेशी सहा-सहा महिने जातात, आणि तेवढे दिवस गाडी पेठेतल्या रस्त्यावर ठेवली तर परत येईपर्यंत तिच्याखाली एका कुत्रीचे बाळंतपण आणि तिच्यावर दोन राजकीय पक्षांचे फलक होतात. म्हणून ते गाडी आमच्याकडे ठेवतात. धंदा चांगला आहे. पण माणसे वाटेल तेव्हा येतात. भैरू जेवायला बसले की गाडी आलीच. शेवटी मी वेळा ठरवून देणारे एक सॉफ्टवेअर घेतले. (सुनेने बसवून देते म्हटले होते. मी संख्याशास्त्राची पदवीधर आहे, माझे मी बसवीन, असे तिला सांगितले. ती लगेच कबूल झाली, हे मला त्या वेळीच खटकायला हवे होते.)

हे सॉफ्टवेअर कामाला लागण्याआधी एकच गोष्ट विचारते: तुमच्याकडे माणसे कशाकशासाठी येतात? त्याला ते 'अपॉइंटमेंट टाइप' म्हणते, आपण प्रकार म्हणू. प्रत्येक प्रकाराचे नाव लिहायचे, त्याला किती वेळ लागतो, कोण हजर हवे आणि ते आटोपल्यावर आपल्याला किती विश्रांती हवी. (विश्रांतीचा रकाना पाहून मला त्या कंपनीबद्दल आदर वाटला. माझ्या लग्नात असा रकाना कोणी ठेवला नव्हता.) मी तीन प्रकार लिहिले: गाडी ठेवणे, गाडी नेणे, गाडी पाहणे. चौथे काम माणसाला गाडीशी असूच शकत नाही, असे माझे शिक्षण सांगत होते.

पहिल्याच सकाळी बद्रीनाथ पेंडसे आले. गाडी नेणार का? नाही. पाहणार का? "पाहायची काय, माझीच आहे. जरा बसतो." घरी सोफा नाही का, असे मी विचारले. "सोफ्यावर मंडळी असतात." आता यांना कुठल्या प्रकारात घालायचे? परत पाठवावे तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार, पुन्हा वाद. म्हणून 'गाडीत नुसते बसणे' हा प्रकार काढला. तो आठवडाभर भरून गेला. सगळे साठीच्या पुढचे पुरुष, काचा वर, नजर समोर, हात स्टिअरिंगवर, आणि एकही गाडी जागची हलत नाही. पाठोपाठ दर अमावस्येला लिंबू-मिरची बदलायला येणारे. मग डिकीत राहिलेली सासूबाईंची कवळी शोधणारे. मग वडिलांची गाडी कोणाची यावरून भांडणारे भाऊ-बहीण, ज्यांचे म्हणणे असे की भांडायचे तर गाडीसमोरच, म्हणजे ती साक्षीला राहते. त्यांच्यासाठी 'वाटणीचे भांडण (दोन्ही पक्ष हजर हवेत, भैरूंना मध्ये ओढू नये)' असा प्रकार करावा लागला. यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढत गेली. पण वन्सं, शिस्त आली. भैरू दोन्ही वेळा गरम भाकरी खाऊ लागले.

एक नियम मात्र मी पहिल्या दिवसापासून कडक ठेवला. मागे एक पुतण्या काकांची गाडी 'काकांनीच सांगितलंय' म्हणून घेऊन गेला आणि थेट महाबळेश्वरला पोचला. काका तेव्हा झोपले होते. तेव्हापासून गाडी ठेवणाऱ्याने एक जबाबदार नातेवाईक लिहून द्यायचा आणि गाडी नेताना त्या नातेवाइकाच्या फोनवर ओटीपी जाणार. तो आकडा सांगितल्याशिवाय गाडी सुटत नाही. मग येणारा कोणीही असो, अगदी मी असले तरी. हे शेवटचे वाक्य शेडमधल्या फळ्यावर मीच हौसेने लिहिले.

आता घरचे. यंत्रावर हात बसावा म्हणून मी सरावासाठी घरचेही काही प्रकार त्यात घातले होते. दुपारचा चहा. पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवणे (फक्त पहिले पान). तक्रार (सोमवारी). तुमच्या बंधूंनी काहीही कुरकुर केली नाही. ते कुरकुर करत नाहीत, हे तुम्ही मला लग्नाच्या याद्या करतानाच सांगितले होते आणि मी ते गुण म्हणून धरले. एक दिवस संध्याकाळी मी यादी सुधारत बसले असताना ते शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जरा माझ्याशी बोलतेस का?" मी वर न पाहता विचारले, कुठल्या प्रकारात? त्यांनी वाकून यादी वाचली. म्हणाले, "तसा प्रकार दिसत नाही." आणि चपला घालून गेले.

मला वाटले, कोपऱ्यावर गेले. थोड्या वेळाने यंत्राने मला कळवले की नवी गाडी ठेवायला आली आहे, अभिनंदन. अर्ज उघडला. तो जसाच्या तसा देते. वाहन: श्रीनिवास. वर्ष: १९५३. रंग: गव्हाळ, मूळचा. मालक: एकच, पहिल्यापासून. हॉर्न: आहे, वापर नाही. अपघात झाला आहे का: होय, १९८१. (आमचे लग्न त्याच वर्षीचे.) मुदत: सहा महिने. जबाबदार नातेवाईक: मोठी बहीण, सुनीती, सांगली.

यंत्राने हे सगळे स्वीकारले. एवढा महाग प्रोग्रॅम. वाहनाला चाके आहेत का, हे विचारायचे त्याला सुचले नाही. (तो रकाना मीच अनावश्यक म्हणून काढला होता.)

दुसऱ्या दिवशी मी मांजरीला गेले. तुमचे बंधू आमच्याच जुन्या मारुतीत पुढच्या सीटवर, सीट मागे पाडून. मी भैरूंना म्हटले, यांना सोडा, मी घरी नेते. भैरू मान हलवेनात. "बाई, बुकिंग पक्कं हाय. आकडा सांगा अन् घेऊन जा."

अहो, हा माझा नवरा आहे!

"त्ये खरं हाय. पन अगदी तुमी असला तरी बी न्हाई, आसं तुमीच लिवलंय." आणि माझ्याच हस्ताक्षरातला फळा दाखवला.

देखभालीत मात्र बोट ठेवायला जागा नाही. ठेवलेल्या प्रत्येक गाडीची सेवा ठरलेली आहे, तीच यांची चालू आहे. सकाळी फडक्याने पुसतात. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायचे असते, म्हणून भैरू यांना उसाभोवती एक फेरी मारून आणतात. रात्री गाडीवर कव्हर घालतात, त्यामुळे डास लागत नाहीत. भैरूंच्या शालूबाई ठेचा वाढतात, जो यांना वर्ज्य आहे. रंग सुधारला आहे, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

मला काही अडचण नाही. एकटीचा स्वयंपाक लवकर होतो. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा मलाच मिळतो, मनातल्या मनात वाचावा लागतो एवढेच. पण भाऊबीज तोंडावर आली. तुम्ही ओवाळायला याल आणि पाटावर कोणी नसेल, हे तुमच्या दृष्टीने बरे दिसणार नाही, म्हणून कळवले. शेडमध्येच ओवाळायचे ठरवलेत तर तसा प्रकार मी तयार केला आहे; मात्र पेट्रोल आहे, निरांजन चालणार नाही.

गुडघ्याला जपा. मेहुण्यांना नमस्कार सांगा, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नका.

तुमची,
आनंदी

ता. क. पत्र लिहायचे खरे कारण: मी रोज सकाळी 'गाडी नेणे' दाबते आणि तुमच्या फोनवर सहा आकडी ओटीपी येतो. तो मला सांगा. तो दहाच मिनिटे चालतो आणि पत्र पोचायला चार दिवस लागतात, हे संख्याशास्त्राशिवायही मला कळते. फोनच केला असता. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. गणपतीत तुम्ही दुपारी फोन केलात आणि मी तुम्हाला 'नणंदेचा फोन' या प्रकारात आधी वेळ घ्यायला सांगितली, ते तुम्ही मनाला लावून घेतलेत. त्या प्रकाराची मुदत मी दहा मिनिटांवरून वाढवली आहे. अमर्याद असे यंत्र घेत नाही, म्हणून चोवीस तास लिहिले आहेत. विश्रांती शून्य.

ता. क. दुसरे: पत्र पाकिटात घालायच्या आधी काल पुन्हा मांजरीला जाऊन आले. रीतसर वेळ घेऊन गेले होते. प्रकार: मालकाने गाडीस भेटणे, वीस मिनिटे. यांनी दार उघडून दिले. मी शेजारी बसले. बोलणे या प्रकारात बसत नव्हते. वेळ बरा गेला. वीस मिनिटे झाल्यावर भैरू काचेवर टकटक करून म्हणाले की पुढची वेळ दुसऱ्या कोणीतरी घेतली आहे, उठा. नियम म्हणजे नियम. मी उठले आणि स्वारगेटची बस धरली. हडपसर ओलांडल्यावर सहज फोनमध्ये पाहिले, कोणी घेतली होती ती. तुमच्याच भावाने. प्रकार: आनंदीशी बोलणे. हजर हवेत: दोघे. मुदतीचा रकाना कोरा.

वन्सं, हे पत्र मिळाले की रोज सकाळी फोन हातात घेऊन बसा.